मावळच्या पटावरील नवीं बुद्धिबळें

बुद्धिबळांचा खेळ आपल्या घरोघरीं परिचित आहे, आणि अतिपरिचयामुळेंच त्यांतील एक गोष्ट आपल्या ध्यानांतून निसटते. पटाच्या कोपऱ्यांतील लांकडी मोहऱ्याला आपण हत्ती म्हणतों. त्याची सोंड तुटली, रंग उडाला, इतकेंच काय, पण तो हरवला आणि त्याच्या जागीं दोऱ्याचें रिकामें रीळ उभें केलें, तरी जोंवर तें रीळ सरळ रेषेंत चालतें आहे तोंवर खेळणाऱ्याच्या लेखीं तें हत्तीच असतें. मोहऱ्याची चाल हीच त्याची खरी ओळख होय. आज जो विषय मी आपणांपुढें मांडणार आहें, तो या एका गोष्टीवर उभा आहे. एखाद्या विशिष्ट प्रसंगावर किंवा प्रदेशावर नवीं बुद्धिबळें रचावयाचीं झाल्यास तीं कशीं रचावीं, हा तो विषय.

बाजारांत मावळे आणि मोगल यांच्या मूर्ति घडविलेले सुरेख संच मिळतात. दिवाणखान्याच्या कपाटांत ते शोभून दिसतात, आणि त्याविषयीं माझी कांहीं तक्रार नाहीं. परंतु खेळावयास बसलें कीं दहाव्या खेळीस मावळाहि विसरला जातो आणि मोगलहि. कारण दोघेहि एकच घर सरकतात आणि दोघेहि तिरपेच मारतात. अशा संचांना मी पोशाखी बुद्धिबळें म्हणतों. नाटकांतील राजा रंगपटांत जाऊन मुकुट उतरून ठेवतो, तितकाच यांतील मावळ्याचा मावळेपणा.

याच्या उलट एक जुना दाखला पाहा. अल्-बीरुनी या पंडितानें इसवी सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयीं जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत येथील बुद्धिबळांचें वर्णन आलें आहे. त्यानें पाहिलेला हत्ती पटाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत धांवत नसे. तो एक घर सरळ पुढें जाई, किंवा चार तिरप्या दिशांपैकीं कोणत्याहि दिशेनें एक घर जाई. एकूण पांच घरें. हीं पांच घरें म्हणजे हत्तीचे चार पाय आणि एक सोंड, असा खुलासाहि तेथें दिला आहे. पाहा कसें चित्र आहे! ज्या कोणी ही चाल प्रथम बसविली, त्यानें हत्ती केवळ पटावर ठेवला नाहीं, तो पटावर चालविला. आपल्याकडे ही चाल लोपली. परंतु ब्रह्मदेशांत व सयामांत ती अद्याप चालू आहे, आणि जपानी बुद्धिबळांत ज्याला रौप्य सेनापति म्हणतात तो नेमका याच पांच घरांत चालतो. सोंड गेली, हत्ती गेला, पण चाल उरली.

चिनी बुद्धिबळांतील तोफ हा असाच एक नामी मोहरा आहे. चालतांना ती आपल्या हत्तीप्रमाणें सरळ चालते. मारतांना मात्र तिच्या आणि भक्ष्याच्या दरम्यान कोणता तरी एक मोहरा, स्वकीय वा परकीय, असावाच लागतो. त्याच्या डोक्यावरून गोळा जातो. त्याच पटाच्या मध्यभागीं नदी आहे, आणि त्यांचा हत्ती ती नदी ओलांडूं शकत नाहीं. याच्या तुलनेनें तैमूरलंगाच्या नांवानें प्रसिद्ध असलेला मोठा पट मला तितका गोड वाटत नाहीं. त्यांत एकशेंदहा घरें, शिवाय दोन्ही अंगांना किल्ल्याचें एकेक जादा घर, आणि मोहऱ्यांत उंट आहे, जिराफहि आहे. जिराफानें एक घर तिरपें जाऊन मग निदान तीन घरें सरळ जावें असा नियम आहे. तो पाठ होतो, पण डोळ्यांपुढें जिराफ उभा राहत नाहीं. अलीकडच्या काळांत क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका यानें पट रुंद करून दोन नवे जोडमोहरे घातले, इंग्लंडांतील डॉसन यानें १९१३ मध्यें दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारणारा नाकतोडा पटावर आणला. हे प्रयोग कूटप्रश्न रचणाऱ्यांना मोठे मोलाचे आहेत. आपल्या आजच्या विषयाशीं त्यांचा संबंध थोडा.

आपल्या महाराष्ट्रांत पाहावयाचें तर विषयाला धरून खेळ रचण्याचा उत्तम नमुना बुद्धिबळांत नसून गंजिफांत आहे. मोगली गंजिफा आठ रंगांचा आणि शहाण्णव पानांचा. सावंतवाडीचे चितारी जो दशावतारी गंजिफा रंगवीत आले, त्यांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि दहा पानें, अशीं एकशेंवीस पानें असतात. येथवर तो केवळ पोशाख झाला असता. परंतु खेळाची सुरुवात दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातीं आहे त्यानें करावयाची, आणि रात्रीं असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हातीं आहे त्यानें. भर दुपारीं जन्मलेला एक आणि मध्यरात्रीं जन्मलेला दुसरा! कथा नियमांत उतरली ती अशी. लाखेच्या पानावरचें चित्र पुसट झालें तरी हा नियम पुसला जात नाहीं.

बुद्धिबळांचीहि आपली एक देशी रीति होती. प्यादें पहिल्या खेळीस दोन घरें जात नसे. तें शेवटच्या ओळींत पोंचलें कीं ज्या मोहऱ्याचें तें घर असेल तोच मोहरा व्हावयाचें. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर बुर्जी झाली असें म्हणत आणि ती पुरी जीत मानीत नसत. आणि प्याद्यानें केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सर्वांत भूषणाची. तीच करण्यासाठीं चांगले खेळाडू हातचा वजीर बाजूस ठेवीत. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतील नीळकंठ भट्ट यांच्या सतराव्या शतकांतील ‘भगवंतभास्कर’ ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ या भागांत बुद्धिबळांचें विवेचन आहे, आणि घोड्याला पटाच्या चौसष्टहि घरांतून, एका घरांत दोनदां न येतां, फिरवून आणण्याची युक्तिहि आहे. राजनीतीच्या ग्रंथांत खेळाला जागा मिळते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पंजाबचा मीर सुलतान खान याच जुन्या हिंदुस्थानी नियमांवर वाढला आणि पुढें १९२९, १९३२ व १९३३ या तीन सालीं विलायतेचा अजिंक्यवीर झाला. आज मात्र सर्वत्र एकच जागतिक नियम चालतो. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ मध्यें महिलांचा विश्वचषक जिंकला तो याच नियमांवर, आणि तें योग्यच आहे. जगाशीं खेळावयाचें तर जगाची रीति पाळली पाहिजे. पण घरीं, सुटीच्या दुपारीं, आपल्या पटावर आपले नियम करण्यास कोणाचा मज्जाव आहे?

आतां मूळ विषयाकडे येतों. पवना नदीच्या बाजूस, वडगांव-तळेगांवाहून फार दूर नाहीं असें उर्से नांवाचें गांव आहे. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गावरून जाणाऱ्यांना तें टोलनाक्यामुळें ठाऊक असतें. क्षणभर थांबून, पैसे भरून, मंडळी पुढें जातात. या नाक्याच्या आसपास अडीचशें वर्षांपूर्वीं याहून मोठा खोळंबा झाला होता. मावळांतील मुलांना खेळतां येतील अशीं नवीं बुद्धिबळें रचावीं असें जेव्हां मनांत आलें, तेव्हां प्रसंगाचा शोध करावा लागला नाहीं. तो अंगणांतच होता.

१७७८ च्या नोव्हेंबरांत मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथराव दादासाहेबांस पुण्याच्या गादीच्या कारभारावर बसविण्यासाठीं निघाली. माणसें सुमारें ३,९००, आणि सामानसुमान ओढण्यास बैल सुमारें १९,०००; म्हणजे माणसामागें जवळजवळ पांच बैल. सेनापति एक नव्हे, तर तिघांची समिति: कर्नल एगर्टन, कार्नाक आणि मॉस्टिन. पैकीं मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतला आणि १७७९ च्या १ जानेवारीस वारला. बोरघाट चढून फौज मावळांत उतरली ती गोगलगाईच्या चालीनें. समोर मराठ्यांचें सैन्य उभें ठाकून लढाई देईना. दिसे, मारी, आणि नाहींसें होई. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर खूष होऊन शत्रुपक्षानेंच, म्हणजे आपणच, त्याला ‘इष्टुर फाकडा’ हें नांव दिलें. ९ तारखेस फौज तळेगांवास पोंचली तों गांव ओस आणि जाळलेलें. दाणा नाहीं, वैरण नाहीं. पुणें अवघें दहा कोस उरलें होतें. ११ तारखेच्या रात्रीं समितीनें माघार ठरविली, जड तोफा तळ्यांत ढकलल्या, सामान पेटविलें आणि फौज मागें फिरली. वडगांवास महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजांनीं तिला घेरलें. पिछाडीस कॅप्टन हार्टले मोठ्या निकरानें लढला. पण कोंडी फुटेना. १६ जानेवारीस वडगांवचा तह झाला. दादासाहेब शिंद्यांच्या स्वाधीन झाले. पुढें मुंबईकरांनीं व कलकत्तेकरांनीं हा तह मानला नाहीं आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललें, हेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर आपण वडगांवापाशींच थांबून टाळ्या वाजवूं.

या प्रसंगाला नेहमीचीं बुद्धिबळें कां चालत नाहींत? कारण त्यांत दोन सैन्यें सारखीं असतात, आणि येथें तीं मुळींच सारखीं नव्हतीं. एकाजवळ तोफा व कवायती पायदळ, पण घोडदळ नांवालाच. दुसऱ्याजवळ घोडदळ अमाप. शिवाय वडगांवास कोणाचा राजा मेला नाहीं. सवाई माधवराव तर चार वर्षांचें मूल, रणांगणावर नव्हतेच. गंमत अशी कीं, वडगांवच्या तहानंतर दुसऱ्याच वर्षीं, १७८० मध्यें, जर्मनीतील ब्रन्सविक येथें हेलविग नांवाच्या शिक्षकानें बुद्धिबळांवरून युद्धाचा खेळ रचला. त्याच्या पटाला १,६१७ घरें होतीं! रानें, नद्या, तोफखाने, सारें त्यांत आणलें. खेळ विद्वत्तापूर्ण, पण जेवणाच्या टेबलावर मावणार नाहीं, आणि आईला तें टेबल संध्याकाळीं परत हवें असतें. म्हणून आमची पहिली अट अशी कीं, घरांत आहे तोच चौसष्ट घरांचा पट घ्यावयाचा.

आपण हा पट क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. आठ आडव्या ओळी म्हणजे घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंतची वाट: खंडाळा, लोणावळें, कार्लें, कामशेत, वडगांव, तळेगांव, चिंचवड आणि आठवी पुणें. पहिल्या दोन ओळींत इंग्रज. पुढच्या ओळींत आठ पलटणी. मागें दोन कोपऱ्यांत दोन तोफा, त्यांच्या शेजारीं दोन तांडे, आणि मधल्या चार घरांत समिति, राघोबादादा, इष्टुर फाकडा व दादासाहेबांच्या स्वारांचा एक घोडा. शेवटच्या तीन ओळींत मराठे: महादजी वजिराच्या चालीचे, हरिपंत हत्तीच्या, तुकोजी उंटाच्या, आणि सहा शिलेदार घोड्याच्या अडीच घरांच्या चालीचे. मराठ्यांना प्यादीं नाहींत, राजाहि नाहीं. आपले नऊ मोहरे आपल्या तीन ओळींत हवे तसे मांडण्याची त्यांना मुभा आहे. ब्रह्मदेशाच्या बुद्धिबळांत खेळाडू आपले मोहरे स्वतः मांडतो, तेथून ही कल्पना घेतली. पहिली खेळी इंग्रजांची.

इंग्रजांचा विजय कशांत? राघोबादादा पुण्याच्या ओळींत पोंचण्यांत. दादासाहेब एका वेळीं एक घर चालतात आणि शेवटच्या ओळीस जावयाचें असतें. थोडक्यांत, एका थोर पेशव्यांचा हा धाकटा चुलता पटावर प्याद्याच्या प्रारब्धास आला आहे. कोणास हें अनुदार वाटेल, पण त्या मोहिमेंत त्यांची स्थिति याहून निराळी होती असें इतिहास म्हणत नाहीं. त्यांना मारतां येत नाहीं. महादजी त्यांच्या लगतच्या घरांत असतील आणि समिति त्यांच्या लगत नसेल, तर मराठ्यांनीं एक खेळी खर्चून त्यांना पटावरून आपल्याकडे न्यावें.

मराठ्यांचा विजय कोंडीनें. समितीच्या भोंवतालच्या प्रत्येक घरावर मराठ्यांचा मोहरा तरी उभा आहे किंवा मारा तरी आहे, अशी स्थिति झाली कीं तह झाला. मग समितीला शह असो वा नसो. समितीच्या स्वतःच्या पलटणीनें अडविलेलें घर मोकळें धरावें. नाहीं तर आपल्याच माणसांच्या गर्दीनें ती पहिल्या खेळीस शरण जाईल. नेहमीच्या खेळांत राजाला शह नसतां खेळी उरली नाहीं तर डाव बरोबरींत सुटतो, आणि हरत्या खेळाडूचें तें शेवटचें आश्रयस्थान असतें. येथें तीच सर्वांत मोठी हार. वडगांवच्या प्रसंगाचें सारें मर्म या एका उलटापालटींत आलें, असें मला वाटतें. चाळीस खेळ्यांत दोन्ही गोष्टी न झाल्या तर मराठ्यांची अर्धी जीत; आपल्या जुन्या बुर्जीची आठवण म्हणून तिला बुर्जीच म्हणावें. ही मुदत नसती तर सावध इंग्रज खंडाळ्याच्या थंड हवेंत बसून राहिला असता.

तोफेची चाल चिनी तोफेचीच. परंतु दोन घरांच्या आंत एखादा तांडा असल्याशिवाय तिला बार काढतां येत नाहीं. तांडा एका वेळीं एक घर सरळ सरकतो, कोणास मारीत नाहीं, आणि स्वतः मात्र मारला जातो. या एका बंधनानें पटावर बैल दिसूं लागतात. तोफ पुढें धाडावी तर ती मुकी होते. तांडा तिच्यामागें न्यावा तर सारें सैन्य त्याच्या गतीनें चालतें. इंग्रजांकडून खेळणारा पांचव्या खेळीस एगर्टनसाहेबांविषयीं सहानुभूति बाळगूं लागतो.

पलटण एक घर पुढें किंवा बाजूस जाते व पुढें तिरपी मारते. शेजारशेजारच्या दोन पलटणी एकाच खेळींत बरोबर पुढें नेतां येतात. असें कां, तें शिलेदाराच्या नियमावरून कळेल. शिलेदारानें जो मोहरा मारला, त्याच्या डाव्या वा उजव्या अंगास त्याचा सोबती नसेल, म्हणजे तो रांगेंतून फुटून एकटा पडला असेल, तर शिलेदारानें त्याच खेळींत आपल्या मूळ घरीं परत उडी घ्यावी. सोबती असेल, तर मात्र शिलेदाराला तेथेंच थांबावें लागतें, आणि तो मारला जाण्याचा संभव असतो. मारून परतण्याची चाल अगदींच अपूर्व नव्हे. जपानच्या मध्ययुगीन मोठ्या बुद्धिबळांतील सिंह लगतचा मोहरा जागेवरून न हलतां मारतो. पण येथें तिला लावलेली अट महत्त्वाची आहे. अट नसती तर सहा शिलेदारांपुढें कोणतेंहि सैन्य टिकलें नसतें, कारण मारणारा सांपडतच नाहीं. अट घातली कीं गनिमी काव्याचें खरें स्वरूप दिसतें: तो रांगेवर चालत नाहीं, रांग मोडण्याची वाट पाहतो. आणि रांग राखून चालावयाचें म्हणजे हळू चालावयाचें, हें आलेंच.

इष्टुर फाकडा वजिरासारखा चालतो, पण तीन घरांपलीकडे नाहीं. त्याच्याविषयीं एवढाच नियम पुरे. इंग्रजांचा तोच एक चपळ मोहरा असल्यानें तो लवकर पुढें काढला जातो आणि बहुधा कार्ल्याच्याच आसपास पडतो. हें मीं नियमांत घातलेलें नाहीं. खेळणाऱ्यांच्या स्वभावानेंच तें घडतें.

आतां राहिली राख. मराठ्यांना पांच काळ्या चकत्या दिल्या आहेत. मोहरा हलविण्याऐवजीं कार्ल्यापासून चिंचवडापर्यंतच्या कोणत्याहि रिकाम्या घरावर एक चकती ठेवावी. तें घर जळालें, तेथें तांड्याला जातां येत नाहीं. पांचच कां? आठ दिल्या तर सबंध आडवी ओळ बंद होते आणि तांड्याला वाटच उरत नाहीं. मग खेळ कसला? पांच दिल्या तर तीन घरांची खिंड उरते, आणि त्या खिंडीच्या तोंडाशीं खरा डाव रंगतो.

हे नियम घेऊन उर्से येथें कांहीं शाळकरी मुलें आणि देशी रीतीनें खेळणारे एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना सारें गांव आबा म्हणतें, यांच्यासमवेत आम्ही बसलों. आबांनीं प्रथम पट पाहून मान हलविली. “ज्या डावांत मराठ्यांना प्यादीं नाहींत, त्या डावांत प्यादेमात कशी व्हायची?” असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर म्हणून आम्हीं कांहीं नियम बदलला नाहीं. त्यांनीं इंग्रजांची बाजू घ्यावी अशी विनंति मात्र केली. प्याद्यांचा शोकी माणूस आठ पलटणी हातीं येतांच खुलला. दोन-दोन पलटणी जोडीनें सरकवीत, एकहि एकटी न सोडतां, त्यांनीं रांग कामशेतपर्यंत आणली, आणि मुलांचे शिलेदार नुसते भोंवतीं घिरट्या घालीत राहिले. ११ जानेवारीच्या रात्रीं फौज मागें न फिरतां पुढें गेली असती तर काय झालें असतें, हा प्रश्न इतिहासकार पुस्तकांत घालतात. तो त्या ओसरीवर प्रत्यक्ष मांडलेला दिसत होता. खेळ रचणाऱ्यानें येथें एक पथ्य पाळावें. इतिहासांत जो जिंकला त्यानेंच पटावर जिंकावें अशी तजवीज नियमांत करूं नये. तशी केली तर उरतो तो सोहळा, आणि दुसऱ्या डावास कोणी बसत नाहीं.

पण खरी अडचण आबांनीं काढली नाहीं. ती काढली एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीनें. ती मराठ्यांकडून खेळत होती. तळेगांवच्या ओळींत तिनें पहिली चकती ठेवली, दुसरी हातांत घेतली आणि थांबली. “काका,” ती म्हणाली, “हीं गांवें तर आपलींच ना? मग आपणच जाळायचीं?”

श्रोतेहो, या प्रश्नाला मी खेळाच्या बाहेरचें उत्तर देऊं शकलों असतों. शत्रूला दाणा मिळूं नये म्हणून मुलूख उजाड करणें ही जुनी युद्धनीति आहे, रशियानें नेपोलियनविरुद्ध १८१२ मध्यें तेंच केलें, असें सांगून मोकळें होतां आलें असतें. परंतु मोहऱ्याच्या चालींत जें उतरत नाहीं तें खेळांत नाहींच, असें आरंभीं म्हटल्यावर हें उत्तर तोंडीं देऊन भागण्यासारखें नव्हतें. आमच्या नियमांत राख फुकट होती. मावळच्या कुणब्याला ती फुकट पडली नव्हती. ज्याचें भात खळ्यावरून घरांत आलें होतें, ज्याची वैरण रचून ठेवलेली होती, त्याचा तो पौष महिना कसा गेला असेल? बखरींत सरदारांचीं नांवें असतात. त्या कणग्यांची मोजदाद कोणीं केली?

म्हणून गुणांची पद्धति घातली. कोंडी झाली तर मराठ्यांस दहा गुण, बुर्जीस पांच. आणि वापरलेल्या प्रत्येक चकतीमागें एक गुण वजा. राघोबादादा पुण्यास पोंचले तर इंग्रजांस दहा. दोघांनीं बाजू बदलून दोन डाव खेळावे आणि बेरीज पाहावी. म्हणजे पक्ष सारखे नसल्याचा अन्यायहि फिटतो. या एका वजाबाकीनें खेळाचा रंग पालटला. पांचहि चकत्या उधळून केवळ मुदत काढली, तर हातीं शून्य येतें. एकहि चकती न वापरतां कोंडी केली, तर दहाच्या दहा; पण तें फार अवघड. प्रत्येक खेळाडू आतां चकती उचलून क्षणभर विचार करतो, आणि बहुतेक चांगले डाव दोन किंवा तीन चकत्यांत आटोपतात. आबांनीं तर नवें नांवच काढलें: बिनराखेची कोंडी. प्यादेमातीला त्यांच्या लहानपणीं जो मान होता, तोच ते हिला देतात.

ज्यांना घरीं हा खेळ मांडून पाहावयाचा असेल, त्यांना विकत कांहींच आणावें लागणार नाहीं. इंग्रजांना काळीं प्यादीं व काळे मोहरे, मराठ्यांना पांढरे. एका संचांत पांढरे घोडे दोनच असतात, तेव्हां उरलेल्या चार शिलेदारांसाठीं कोटाचीं बटणें घ्यावीं. तांड्यांना चिंचोके चांगले, काळसर आणि पाठीला वांकलेले. दादासाहेबांसाठीं एखादा जुना तांब्याचा पैसा असल्यास उत्तम. राखेच्या चकत्या पुठ्ठ्याच्या, शाईनें काळ्या केलेल्या.

उर्से येथील पटावर मात्र आणखी एक नियम आहे, तो मीं केलेला नाहीं. खंडाळ्याकडून पुण्याकडे तोंड केलें असतां उजवा हात दक्षिणेस येतो. त्या कडेच्या उभ्या ओळींत, वडगांवच्या आडव्या ओळींतील घराला तीं मुलें उर्शाचें घर म्हणतात. त्या घरावर मोहरे येतात, मरतात, तोफेचे गोळेहि पडतात. चकती मात्र तेथें अजून कोणीं ठेवलेली मीं पाहिली नाहीं. इंग्रजांकडून खेळणाऱ्याला हें ठाऊक असतें, आणि तो आपला तांडा हटकून त्याच कडेनें नेतो.